फ्राउ क्राइस यांची राजकन्या

आमच्या हॅनोव्हरच्या घराला लिफ्ट नव्हती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो, आणि त्या जिन्याच्या प्रत्येक मजल्याचा वास वेगळा होता. तळमजल्यावर ओल्या कोटांचा आणि सायकलच्या तेलाचा, पहिल्यावर कोबीचा, दुसऱ्यावर लोणी आणि साखर भाजल्याचा, तिसऱ्यावर नुसताच साबणाचा. चौथ्यावर आमचा. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, म्हणून तो कसा होता हे मला सांगता येणार नाही. शाळेतल्या मुली माझ्या स्वेटरला नाक लावून काहीतरी म्हणायच्या, त्यावरून त्यात हिंग असावा. रेडिएटरच्या नळ्या सकाळी तापायला लागल्या की भिंतीत कुणी लहान हातोडी मारत असल्यासारखा टिकटिक आवाज यायचा, आणि खाली रस्त्यावर ट्राम वळली की आमच्या कपाटातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना हलकेच लागायच्या. आईला तो वाट्यांचा आवाज आवडायचा. दिवसभरात घरात तेवढंच कुणीतरी बोलतं, असं ती म्हणायची.

हे ती विनोदाने म्हणायची असं मला तेव्हा वाटे. बाबा यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. सकाळी अंधारात जायचे, संध्याकाळी यायचे, आणि त्यांचं जर्मन इतकं चांगलं होतं की मराठी बोलतानाही मधेच ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं म्हणायचे. मी चौदा वर्षांची होते, जर्मन शाळेत जात होते आणि आईने मराठीत काही विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देत होते. आई ते समजून घ्यायची किंवा नाही. मी कधी थांबून पाहिलं नाही. माझ्या लेखी आईला जर्मन येत नव्हतं. दुकानात, डॉक्टरकडे, परदेशी लोकांच्या कचेरीत मी तिच्या शेजारी उभी राहून बोलायचे, आणि त्याचा मला कंटाळाही यायचा आणि आतून थोडा रुबाबही वाटायचा.

दिवाळीच्या कार्यक्रमाला एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळी जमायची. त्या दिवशी आईने तिची लग्नातली पैठणी नेसली होती. वर जाड कोट. आम्ही जिना उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि लोणी-साखरेच्या वासासकट फ्राउ क्राइस बाहेर आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा आखूड बॉब, नाकावर चष्मा आणि डोक्यावर दुसरा. त्या काही वर्षांपूर्वी कझाकस्तानातून आल्या होत्या. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा जर्मन. रशियाच्या एका सम्राज्ञीने फार पूर्वी जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गाकाठी बोलावून जमिनी दिल्या होत्या, त्यातले. पण त्यांचं जर्मन त्या शेतकऱ्यांच्याच काळातलं वाटे, आणि बिल्डिंगमधले लोक त्यांना पाठीमागे ‘ती रशियन बाई’ म्हणत. तिकडे आयुष्यभर त्यांना ‘ती जर्मन’ म्हणत होते, हे त्यांनीच आम्हाला नंतर हसत सांगितलं.

त्या दिवशी मात्र त्या हसल्या नाहीत. आईच्या डाव्या हाताकडे टक लावून बघत राहिल्या. आईने त्या हाताने निऱ्या थोड्या उचलून धरल्या होत्या.

“एक मिनिट,” त्या मला म्हणाल्या, “तुझ्या आईला विचार. वजन कुठे जाणवतं? खांद्यावर की कमरेवर? आणि उतरताना पायरी दिसते का, की पायाने शोधावी लागते?”

मला भयंकर लाज वाटली. मी आईला मराठीत सांगितलं, “काही नाही गं, साडीबद्दल विचारतायत.” पण आई थांबली. तिला कुणी तिच्याबद्दल काही विचारत नसे, म्हणूनही असेल. “नीट सांग काय विचारलं ते,” ती म्हणाली. मी नीट सांगितलं. तिने खरोखर विचार केला, दोन पायऱ्या वर गेली, परत उतरली, आणि म्हणाली, “सांग त्यांना, पायरी दिसत नाही. पण निऱ्यांचा काठ पायाच्या अंगठ्याला लागतो, त्यावरून कळतं. आणि वजन मानेत जाणवतं. बघणारे असले की जास्त.”

फ्राउ क्राइसनी एप्रनच्या खिशातून वही काढली आणि ते तिथेच, कठड्यावर वही टेकवून लिहून घेतलं. ‘बघणारे असले की जास्त’ या शब्दांखाली त्यांनी रेघ मारली.

त्या कादंबरी लिहीत होत्या. हे आम्हाला पुढच्या मंगळवारी कळलं, जेव्हा त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. कझाकस्तानात त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. इथे आल्यावर त्यांच्या पदवीला कुणी विचारलं नाही, तेव्हा त्यांनी एका मोठ्या चौकटीच्या वहीत लिहायला सुरुवात केली. कादंबरीची नायिका हेन्रिएटे नावाची राजकन्या. एवढ्याशा जर्मन संस्थानातली, जिच्या बापाच्या वाड्याचं छपर गळतं, आणि जिला पंधराव्या वर्षी रशियाच्या राजपुत्राशी लग्न करायला बर्फातून घोडागाडीने पाठवून देतात. हेन्रिएटे त्यांनी मनाने रचलेली होती, पण तशा खऱ्या मुली कितीतरी गेल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. कुणी सम्राज्ञी झाल्या, कुणी बाळंतपणात गेल्या, कुणाचं नावही धड उरलं नाही. “पुस्तकांत मला सगळं मिळतं,” त्या म्हणाल्या. “घोडे किती, झुंबरं किती, चांदीच्या जरीचा झगा किती जड. पण जिना चढताना हात कुठे ठेवायचा, हे कुठेच नाही. आल्झो, म्हणजे, मला अशी बाई हवी होती जी खरंच दूर लग्न करून गेली आहे.”

तेव्हापासून दर मंगळवारी शाळा सुटली की आम्ही दोघी दुसऱ्या मजल्यावर जायचो. टेबलावर मेणकापड, त्यावर साखर-लोण्याचा चुरा पसरलेला चपटा केक, चहा, आणि चहात घालायला आंबट चेरीचा जॅम. आई रिकाम्या हाताने जायची नाही. राय नावाच्या इकडच्या धान्याच्या काळ्या पिठात बेसन आणि कांदा घालून ती थालिपीठं लावायची, कारण भाजणी संपलेली असायची. उपास असला की जर्मन दुकानात पुडिंगसाठी मिळणाऱ्या साबुदाण्याची खिचडी. फ्राउ क्राइसनी पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा एकेक दाणा जिभेवर फिरवला आणि विचारलं, “याला चव आहे की हा नुसता चवीची वाट बघतो?” आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला तसं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

प्रश्न विचारायची त्यांची तऱ्हाच वेगळी होती. सासू कशी होती, असं त्या विचारत नसत. सासूबाईंनी पहिल्यांदा काय दुरुस्त केलं, असं विचारत. (“पोळीची घडी,” आई म्हणाली. “आमच्याकडे मिरजेला तीनदा दुमडायची, पुण्यात दोनदा.”) नव्या घरात पहिल्या रात्री कुठला आवाज अनोळखी होता? पहिलं पत्र लिहिताना काय लिहायचं टाळलं? आणि फिरून फिरून एक, कुणी मागून हाक मारली तेव्हा वळून बघितलं का? मी दोघींच्या मधे बसून इकडचं तिकडे करत होते, आणि सुरुवातीचा कंटाळा जाऊन मला विलक्षण कुतूहल वाटायला लागलं होतं. माझ्या आईच्या आत एवढं काही होतं, आणि ते मला एका परक्या बाईमुळे, तेही आधी माझ्याच तोंडातून जात असताना कळत होतं. आज माझी स्वतःची मुलगी एश्बॉर्न गावातल्या ऑफिसातून फोन करून “मम्मा, सब गुट?”, सगळं ठीक ना, एवढंच विचारते, तेव्हा मला त्या मंगळवारांची आठवण येते. तिला माझ्या पोळीच्या घडीबद्दल विचारणारं कुणी भेटेल का, कोण जाणे.

मग नावाचा मंगळवार आला. राजकन्येला रशियात धर्म बदलावा लागे, आणि त्याबरोबर नावही. हेन्रिएटेची नादेझ्दा होणार होती. शिवाय तिकडे नावापुढे बापाचं नाव लावतात, आणि हिच्या बापाचं जर्मन नाव तिकडे चालण्यासारखं नव्हतं, म्हणून बापाचंही नवं नाव ठरवून दिलेलं. मी हे सांगितलं तशी आईने कप खाली ठेवला. “अगं, म्हणजे आमच्यासारखंच! आमचं पहिलं नाव बदलतं, आडनाव बदलतं आणि मधे बापाच्या जागी नवरा येतो.”

तिचं नवं नाव तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहिलं होतं, हे ऐकून फ्राउ क्राइस खुर्चीच्या कडेला आल्या. “आणि नंतर त्या तांदळाचं काय झालं?”

आईला हे कुणी कधी विचारलं नसणार. “काय होणार? शिजवले असतील.”

माझ्या आईचं नाव सुनीती. मिरजेहून आजीची पत्रं यायची, त्यांवर आत ‘चि. कुमुदला’ असं असे, आणि ते लाडाचं नाव असेल असं समजून मी मोठी झाले होते. त्या दिवशी मला कळलं की माझी आई एकवीस वर्षं कुमुदच होती. बाबा लग्नानंतर तीन आठवड्यांत जर्मनीला परतले. व्हिसा येईपर्यंत आई आठ महिने पुण्याला सासरी राहिली, आणि तिथे कुणी ‘सुनीती’ म्हणून हाक मारली की ती वळायचीच नाही. मुद्दाम नव्हे. तिच्या लक्षातच यायचं नाही. सासूबाईंना वाटलं, सुनेला कमी ऐकू येतं आणि माहेरच्यांनी लपवून ठेवलं. त्यांनी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तपासून म्हणाले, कान उत्तम आहेत. फ्राउ क्राइस हे लिहिता लिहिता हसत होत्या. मग त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, “मग ती कधी वळली?”

आई खिडकीकडे बघत बोलायला लागली, सावकाश, मधे न थांबता. तिने काय सांगितलं ते असं. हॅनोव्हरला आल्यावर वर्षभर ती या घरात एकटी होती. मग दिवस राहिले, बाळंतपणाला मिरजेला गेली, आणि विमानात बसतानाच तिने ठरवलं होतं की परत यायचं नाही. कुणाला बोलली नाही. मी झाले. एक दिवस ती मला घेऊन माजघरात बसली होती आणि आजीने स्वयंपाकघरातून हाक मारली, कुमुद. तीनदा मारली. आई वळली नाही. आजी हात पुसत येऊन समोर उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “तेव्हा माझ्या लक्षात आलं,” आई म्हणाली, “की पुण्यात मी सुनीती नव्हते आणि आता मिरजेत कुमुदही राहिले नव्हते. मग कुठेही राहिलं तरी तेच. निदान तिकडे हिचा बाप होता. म्हणून आले.”

फ्राउ क्राइस पेन धरून माझ्याकडे बघत होत्या.

आणि मी ते सांगितलं नाही. मी जर्मनमध्ये म्हणाले, “बाळ झाल्यावर तिला नव्या नावाची सवय झाली. ती सुखात होती. मग ती परत आली.”

का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. ती गोष्ट पुस्तकात जाईल याची भीती होती. बाबांचीही दया आली असावी. पण खरं कारण इतकं मोठं नव्हतं. आई परत येणार नव्हती, हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं असतं तर ते खरं झालं असतं, असं मला वाटलं. घरी आल्यावर मी तिच्या हालचालींवर नजर ठेवायला लागले. कपाटावरची बॅग जागेवर आहे का. मिरजेचं पत्र वाचून तिचा चेहरा कसा होतो. शाळेतून येताना चौथ्या मजल्यावर दिवा दिसला की मी हळू चालायला लागायचे.

मार्च आला. रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ उरलं होतं. आईने फ्राउ क्राइसना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं, आणि त्या नावाचं प्रकरण पूर्ण झालं म्हणून ते घेऊन आल्या. वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. बाबा पहिल्यांदाच त्यांच्याशी निवांत बोलत होते आणि खुशीत होते. जेवण झाल्यावर त्यांनी वही उघडली, डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, आणि वाचायला लागल्या.

सुंदर लिहिलं होतं. दरबारात लोक नादेझ्दा, नादेझ्दा म्हणतात आणि पंधरा वर्षांची मुलगी खिडकीबाहेर गोठलेली नदी बघत राहते. वृद्ध सम्राज्ञी तिच्या कानांत डॉक्टरला बघायला लावते. बाबा मोठ्याने हसले, “हे तर आमच्या आईने केलं होतं!” मग बाळ होतं. बाळाला छातीशी धरून ती नव्या नावाला ‘हो’ म्हणते, आणि फ्राउ क्राइसनी शेवटचं वाक्य वाचलं, की त्या दिवसापासून ती ग्ल्युकलिश होती. सुखी.

“गेनाऊ,” बाबा म्हणाले.

“नाइन,” आई म्हणाली. नाही.

आम्ही तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती जर्मनमध्ये बोलायला लागली. क्रियापदं चुकत होती, लिंगं चुकत होती, पण एकही शब्द असा नव्हता जो कळला नाही. सगळे मंगळवार ती ऐकत होती. मी ज्या भाषेत तिची बाजू मांडत होते, ती भाषा ती माझ्याच शेजारी बसून शिकत होती. “मी ‘सुखी’ म्हटलं नाही,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मला परत यायचं नव्हतं. इश वोल्ते निश्त त्सुरुक.” आणि मग आजीची हाक, तीनदा, आणि न वळणं, सगळं सांगितलं.

बाबांच्या हातातला ताकाचा पेला अर्ध्यावर थांबला होता. चौदा वर्षांत त्यांनी हे ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते जर्मनमध्ये, पाहुण्यांसमोर.

“तू मला कधी सांगितलं नाहीस,” ते मराठीत म्हणाले.

“अहो, तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

ती रागाने म्हणाली नाही. बाबांनी पेला खाली ठेवला. फ्राउ क्राइसनी वही मिटली आणि त्या मला काही बोलल्या नाहीत, ‘तू असं का केलंस’ एवढंसुद्धा. फक्त म्हणाल्या, “मग मी हे पुन्हा लिहीन.”

तेव्हा आईने विचारलं, “उंड झी?” आणि तुम्ही?

“मी काय?”

“तुम्ही कुणाच्या हाकेला वळला नाहीत?”

फ्राउ क्राइसनी नाकावरचा चष्मा काढला. मला वाटलं आईचं जर्मन त्यांना कळलं नाही, आणि मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

मग त्या बोलल्या. जर्मनीशी युद्ध सुरू झालं तेव्हा व्होल्गाकाठच्या सगळ्या जर्मनांना गाड्यांत घालून कझाकस्तानच्या गवताळ माळावर नेऊन सोडलं होतं. त्या सात वर्षांच्या होत्या. घरात त्यांना मालशेन म्हणायचे. आईने बजावलं होतं, बाहेर जर्मनचा एक शब्द काढायचा नाही, बाहेर तू ल्यूबा. पुढच्या हिवाळ्यात सक्तमजुरीच्या छावणीसाठी बायकांना न्यायला घसरगाड्या आल्या. गावातली मुलं गंमत बघायला जमली होती आणि त्या त्यांच्यात उभ्या होत्या. आईला गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा आईने मोठ्याने हाक मारली, “मालशेन!” शेजारची मुलं हसली, ती कोणाला बोलावते आहे, म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. “मीही त्यांच्यासारखंच इकडेतिकडे बघितलं,” फ्राउ क्राइस म्हणाल्या. “तिच्याकडे सोडून सगळीकडे. तिने दुसऱ्यांदा हाक मारली. मग गाडी लांब गेली. ती छावणीतून परत आली नाही.”

आई उठली. तिने त्यांच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि तशीच उभी राहिली. बाबांनी खाली मान घातली होती. मला रडू येत होतं, आणि त्याचबरोबर, मी प्रामाणिकपणे सांगते, मला पुढचं ऐकायचं होतं. त्या मुलीने त्या दिवशी घरी जाऊन काय केलं, कुणी जेवायला घातलं, तिने पुन्हा कधी ते नाव कुणाला सांगितलं. आईने ते सगळं विचारलं, एकेक, मोडक्या जर्मनमध्ये, आणि त्यांनी ते सगळं सांगितलं. ताटांवर भात वाळून गेला.

त्यानंतर मी दुभाषी राहिले नाही. मंगळवारी आई एकटीच खाली जायची. मला बोलावलं नाही असं नव्हे, पण तिथे माझं काम उरलं नव्हतं. त्या रविवारी भांडी घासताना मी तिला विचारलं होतं, “तू खरंच आली नसतीस?” “नसते आले,” ती म्हणाली आणि हातातली कढई मला पुसायला दिली. “आता?” “आता विचारतेस ते बरं करतेस,” ती म्हणाली. “आता नाही जायचं मला.” मला ते पटलं, कारण पहिलं उत्तर तिने गोड करून दिलं नव्हतं. बाबा मात्र कितीतरी दिवस जेवताना तिला काहीबाही विचारत राहिले, अवघडून, जणू परीक्षेचा अभ्यास करून आल्यासारखे. मिरजेच्या घराला पायऱ्या किती होत्या, तिला कॉलेजात काय आवडायचं. ती उत्तर द्यायची. कधी कधी ती त्यांना चिडवायचीही.

कादंबरी दोन वर्षांनी पूर्ण झाली. कुठल्याही प्रकाशकाने घेतली नाही, तेव्हा फ्राउ क्राइसनी कॉपीच्या दुकानातून तिच्या काही प्रती बांधून घेतल्या आणि एक आम्हाला दिली. आईने शब्दकोश घेऊन ती अख्ख्या उन्हाळ्यात वाचली, ओट्याशी उभी राहून, भाजी शिजेपर्यंत दोन पानं या हिशेबाने. तिने वाचलेलं ते पहिलं जर्मन पुस्तक. नंतर तिने शहराच्या वाचनालयात अर्धवेळ काम धरलं आणि निवृत्त होईपर्यंत केलं. फ्राउ क्राइस गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ आई होती.

आता आई-बाबा दोघंही थकले आहेत, अजून हॅनोव्हरलाच असतात. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी तिला फोन केला आणि विचारलं, त्या दिवशी तुला त्यांना विचारायचं कसं सुचलं? तुझंच एवढं मोठं गुपित नुकतं सगळ्यांसमोर आलं होतं, बाबा समोर बसले होते, आणि तू त्यांना प्रश्न काय विचारलास!

“अगं, चार महिने ती बाई तोच एक प्रश्न विचारत होती,” आई म्हणाली. “मुलगी वळली का, कधी वळली, का नाही वळली. मला वाटलं, हिला स्वतःला हे कुणी विचारलेलं दिसत नाही.”